पॅशन सापडत नाहीये, मग मेजर, म्हणजे कॉलेजातला मुख्य विषय, कुठला घेऊ?

प्रश्न:
ताई, मी सतरा वर्षांची आहे, शाळेचं शेवटचं वर्ष आहे आणि काही महिन्यांत कॉलेजचे फॉर्म भरायचेत. मला बायोलॉजी आवडते, चित्रं काढायला आवडतं, गणितात मार्क चांगले पडतात पण गणित "आवडतं" असं काही म्हणता येणार नाही. बाबा म्हणतात कॉम्प्युटर सायन्स घे, बाकीचं छंद म्हणून कर. सर म्हणतात एआय सगळ्या नोकऱ्या खाणार आहे, त्यामुळे विचार करून काय ते घे. ऑनलाइन दोन टेस्ट दिल्या, एकीत मी "क्रिएटिव्ह लीडर" निघाले, दुसरीत अकाउंटंट. माझ्या मैत्रिणीचं कधीपासून ठरलंय की डॉक्टर व्हायचं, आणि मला माझी पॅशन काय तेच कळत नाहीये. परवा आमचा ग्रुप प्रोजेक्ट होता, रोपांची उंची रोज मोजून लिहायची, बाकीच्यांनी तारखा वाट्टेल तशा टाकल्या होत्या, ते सगळं शीट नीट करण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि अभ्यास राहिला तो राहिलाच. असा वेळ घालवते मी. चुकीचा मेजर घेतला तर आयुष्य वाया जाईल का?
सगळंच थोडं थोडं

उत्तर:
अगं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहून टाकलंयस. ते शीटवालं. कोणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, कौतुक तर नाहीच नाही, उलट अभ्यास बुडला, तरी तू दुसऱ्यांच्या तारखा जुळवत बसलीस. एकाने ०३-०४ लिहिलं म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, एकाने उंची सेंटीमीटरमध्ये टाकली आणि दुसऱ्याने मिलीमीटरमध्ये, हे बघून ज्यांना चैन पडत नाही अशी माणसं फार कमी असतात, आणि ज्यांना काही फरक पडत नाही अशी तुझ्याच ग्रुपमध्ये बसलेली आहेत, तू बघितलीसच.

मी हे कौतुक म्हणून सांगत नाहीये. मेजर निवडताना बहुतेक मुलं विषयाचा चकचकीत भाग बघून ठरवतात. डॉक्टर म्हणजे जीव वाचवणं, वकील म्हणजे कोर्टात बोलणं, गेम डिझायनर म्हणजे गेम्स. पण कामाचे तास जातात कशात? डॉक्टरचे नोंदी लिहिण्यात आणि तीच तक्रार दिवसातून कितीतरी वेळा तितक्याच लक्षाने ऐकण्यात. वकिलाचे जाडजूड कागद वाचण्यात. प्रोग्रॅमरचे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला कोड समजून घेण्यात आणि त्यातली चूक शोधण्यात. इलस्ट्रेटरचे "छान आहे, पण चेहरा जरा वेगळा करता का" ह्या मेलला उत्तर देण्यात. संशोधकाचे तेच मोजमाप परत परत घेण्यात आणि पैशासाठी अर्ज लिहिण्यात. प्रत्येक क्षेत्राला स्वतःचा एक किचकटपणा असतो आणि नोकरीतला मोठा वेळ तोच खातो. त्यामुळे पॅशन शोधत बसण्यापेक्षा मी म्हणेन, कुठला किचकटपणा तुला सोसतो ते शोध. एक तर तुला आधीच सापडलाय, फक्त तू त्याला वेळ घालवणं म्हणतेस.

आता ते पॅशनचं एकदा मिटवून टाकू. पॅशन कुठेतरी तयार होऊन पडलेली आहे आणि आपण ती शोधून काढायची, ही कल्पनाच मुळात गडबड करते. २०१८ मध्ये ओ'कीफ, ड्वेक आणि वॉल्टन ह्या मानसशास्त्रज्ञांनी ह्यावर काही प्रयोग छापले, त्यात असं दिसलं की आवड ही ठरलेली असते असं मानणाऱ्या माणसांचा, नवीन विषय जरा अवघड झाला की त्यातला रस लगेच कमी होतो, कारण त्यांना वाटतं अवघड जातंय म्हणजे ही आपली पॅशन नव्हेच. आवड हळूहळू वाढते असं मानणाऱ्यांचा रस तेवढा कमी होत नाही. म्हणजे तुला आत्ता पॅशन कळत नाहीये ह्यात काहीच बिघडलेलं नाही, सतराव्या वर्षी तू केलेल्या गोष्टीच अशा कितीशा असणार! आणि मैत्रिणीचं ठरलंय तर छान आहे, तिचं बदलूही शकतं, तो तुझा विषय नाही.

टेस्टबद्दल. "क्रिएटिव्ह लीडर" वाचून बरं वाटलं ना? सगळ्यांनाच वाटतं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि नंतर प्रत्येकाला "तुझा रिपोर्ट" म्हणून एक कागद दिला, किती बरोबर वाटतो ते ५ पैकी मार्क देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. आणि कागद सगळ्यांना एकच दिला होता, त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली. तर टेस्ट दे, मजा म्हणून दे, पण रिपोर्टमधलं विशेषण घेऊन फॉर्म भरायला बसू नकोस. त्यातल्या त्यात उपयोगाची वाटते ती जॉन हॉलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने कामाच्या आवडीचे सहा प्रकार पाडले त्यांवर आधारलेली, अमेरिकेच्या कामगार खात्याची ओ-नेट नावाची साइट आहे तिच्यावर ती फुकट देता येते. पण खरं सांगू, मला त्या साइटवरची टेस्ट एवढी महत्त्वाची वाटत नाही जेवढी शेकडो व्यवसायांची ती पानं वाटतात, कारण प्रत्येक पानावर त्या माणसाला रोज नेमकी काय काय कामं करावी लागतात त्याची यादी आहे. ती वाच. यादी वाचताना कुठल्या ओळीवर तुझा चेहरा पडतो ते लक्षात ठेव, आणि कुठल्या ओळीला "हे तर मी करीन की" असं वाटतं तेही.

तुझ्यासारखं सगळंच थोडं थोडं असणाऱ्यांनी एक नाव माहीत करून घ्यावं, मार्गारेट डेहॉफ. हिने कॉलेजात गणित घेतलं, १९४८ मध्ये क्वांटम केमिस्ट्रीत पीएचडी केली, आणि पुढे तिचं काम काय, तर वेगवेगळ्या प्रयोगशाळांमधून छापून आलेले प्रोटीनचे सीक्वेन्स, म्हणजे त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम, गोळा करायचे, एका पद्धतीने लिहायचे, चुका काढायच्या आणि कॉम्प्युटरला समजतील असे मांडायचे. १९६५ मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याचं पुस्तक काढलं, त्यात जेमतेम ६५ प्रोटीन होती. कॉम्प्युटरला माहिती भोकं पाडलेल्या पंच कार्डांवरून द्यायच्या जमान्यात जागा वाचावी म्हणून तिने प्रत्येक अमिनो आम्लाला तीन अक्षरांऐवजी एकच अक्षर दिलं, आणि तुझ्या पुढच्या पुस्तकांत तुला तीच अक्षरं भेटतील. थोडक्यात, ती शीट नीट करत होती. आज ह्या सगळ्याला बायोइन्फर्मॅटिक्स म्हणतात, पण ह्या विषयाला नावच १९७० च्या सुमारास मिळालं. डेहॉफ सतरा वर्षांची असताना तिने कितीही फॉर्म धुंडाळले असते तरी हा मेजर तिला सापडलाच नसता.

(एका मोठ्या बाईची गोष्ट सांगून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, तिच्यासारखं करून कुठेच न पोहोचलेल्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत येत नाहीत. मुद्दा फक्त एवढाच की कामं आणि मेजर एकास एक जोडलेली नसतात.)

एआयचंही तसंच. सर घाबरवतात त्यात थोडं खरं आहे, कामं बदलणार आहेत, काही जाणारही आहेत. पण कुठली जाणार हे सांगणाऱ्यावर फार विसंबू नकोस, अगदी त्यातला बाप माणूस असला तरी. जेफ्री हिंटन, ज्याच्या कामावर आजचं एआय उभं आहे, तो २०१६ मध्ये म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन बघून निदान करणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा, मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. रेडिओलॉजिस्ट अजून आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी कमी पडतायत. मशीन फोटो बघायला शिकलं, पण पुढे काय करायचं ते ठरवणं, दुसऱ्या डॉक्टरांशी बोलणं, चुकलं तर जबाबदारी घेणं हे कामाचे भाग त्या भाकितात धरलेलेच नव्हते. आणि गंमत म्हणजे ह्या हिंटनची स्वतःची पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची, १९७० ची, त्यानंतर काही काळ त्याने सुतारकाम केलं, पुढे एआय, आणि २०२४ मध्ये नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं. ज्याला स्वतःचा रस्ता आधी दिसला नसणार त्याला दुसऱ्यांचा बरोबर दिसेल अशी अपेक्षा कशी करायची. म्हणून "एआयला न खाता येणारा मेजर" शोधू नकोस, तसा कोणी देऊ शकत नाही. गणित, संख्याशास्त्र, स्वच्छ लिहिता येणं आणि एखाद्या विषयाची खोलवर माहिती, एवढं हातात असलं की साधनं बदलली तरी माणूस अडून बसत नाही असं माझं मत आहे, बाकी बघू.

आता तुझा खरा प्रश्न, आयुष्य वाया जाईल का. नाही जात. वेंकी रामकृष्णन ह्यांनी १९७६ मध्ये भौतिकशास्त्रात पीएचडी पूर्ण केली आणि मग बायोलॉजी शिकायला परत विद्यार्थी म्हणून जाऊन बसले, नोबेल मिळालं २००९ मध्ये, केमिस्ट्रीचं. पण "काही होत नाही गं, कधीही बदलता येतं" असंही मी म्हणणार नाही, कारण बदलायला पैसे आणि वर्षं लागतात आणि ती कोणाच्यातरी खिशातून जातात. त्यामुळे कुठलं दार बंद झालं की परत उघडायला जड जातं तेवढं मात्र आत्ताच नीट बघून घे, ह्यावर वेळ घालवलास तर तो सत्कारणी लागेल.

सगळ्यात जड दार गणिताचं. गणित पायरीपायरीने चढतं, मधली दोन वर्षं सोडली की परत धरताना घाम फुटतो, आणि इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, फिजिक्स, इकॉनॉमिक्स, संख्याशास्त्र सगळ्यांच्या दाराशी तेच उभं असतं. तुला ते आवडत नाही पण येतं, तर सोडू नकोस, एवढं माझं ऐक. केमिस्ट्रीचंही थोडं तसंच आहे, बायोलॉजीत पुढे जायचं असेल तर ती लागतेच. चित्रकला तशी नाही, दोन वर्षं हात थांबला तर वाईट वाटेल पण परत सुरू करता येते. दुसरं म्हणजे लायसन्स लागणारी कामं. डॉक्टर, नर्स, बहुतेक ठिकाणी आर्किटेक्ट आणि वकील, ह्यांना ठरावीक शिक्षणच लागतं, मागच्या दाराने जाता येत नाही. उलट सॉफ्टवेअर, पत्रकारिता, डिझाइन, मॅनेजमेंट, मार्केटिंग ह्यात कितीतरी जण भलत्याच पदव्या घेऊन आलेले दिसतात. आणि तिसरं, तू कुठे अर्ज करणार त्यावरही आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत जाहीर केला तरी चालतो, ब्रिटनमध्ये मात्र साधारणपणे अर्ज करतानाच कोर्स ठरवावा लागतो. तू बघतेयस त्या प्रत्येक कॉलेजला एकच प्रश्न विचार, पहिल्या वर्षानंतर मेजर बदलायचा झाला तर काय लागतं आणि कुठल्या मेजरमध्ये मधूनच शिरता येत नाही. ह्याचं उत्तर लेखी घे. जिथे मागणी जास्त तिथे, कॉम्प्युटर सायन्स त्यात आलंच, बाहेरून आत येणं अवघड असू शकतं आणि आतून बाहेर जाणं सोपं, हे फॉर्म भरताना माहीत असलेलं बरं.

मग अभ्यासक्रम वाच, पण पहिल्या वर्षाचा नको, तो सगळीकडे गोडच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा उघड. तिथे कळतं की मानसशास्त्रात संख्याशास्त्र ठासून भरलंय आणि माणसांच्या मनाबद्दल गप्पा मारायला आलेली मुलं तिथेच गळतात, इकॉनॉमिक्समध्ये पैशापेक्षा कॅल्क्युलस जास्त आहे, कॉम्प्युटर सायन्समध्ये कोडिंगच्या जोडीला सिद्धता लिहायच्या आहेत, आणि बायोलॉजीत प्राण्यांपेक्षा रेणूच जास्त भेटतात. तुझी बायोलॉजीची आवड म्हणजे नक्की कशाची? पेशी, औषधं, जंगल, रोगराई, की नुसत्या त्या सुंदर आकृत्या? आकृत्या असतील तरी हसू नकोस, सायंटिफिक इलस्ट्रेशन हे स्वतंत्र काम आहे. आणि सांतियागो रामोन ई काहाल नावाच्या स्पॅनिश मुलाला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी डॉक्टर केलं, त्याने मायक्रोस्कोपखाली बघून मेंदूतल्या पेशी अशा काढल्या की १९०६ मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि ती चित्रं लोक अजून बघतात.

काम करणाऱ्या माणसांशी बोल, पण "तुम्हाला तुमचं काम आवडतं का" हे विचारू नकोस, सगळे हो म्हणतात, नाहीतर सगळे नाही म्हणतात. विचार की काल दुपारी जेवणानंतर तुम्ही काय करत होतात. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त तास कशात गेले. सुरुवातीला कोणी सांगितलं नाही असं काय होतं. फार मोठ्या पदावरच्या माणसाला नको विचारूस, त्याचा दिवस आता मीटिंगमध्ये जातो, नोकरीला लागून तीन-चार वर्षं झालेल्या कोणालातरी गाठ. आणि जमलं तर ते क्षेत्र सोडून गेलेल्या एखाद्यालाही विचार का सोडलं, त्याच्याकडून जेवढं कळतं तेवढं ब्रोशरमधून जन्मात कळणार नाही.

आणि स्वतः करून बघ, ह्याला काही खर्च नाही. झूनिव्हर्स नावाची साइट आहे, त्यावर खऱ्या शास्त्रज्ञांचं खरं काम कोणालाही करता येतं, जंगलातल्या कॅमेऱ्याच्या फोटोत कुठला प्राणी आहे ते ओळखून नोंदवायचं, आकाशगंगांचे आकार ठरवायचे, असलं. पहिले वीस फोटो मजा येते. दोनशेव्या फोटोला, ज्यात नुसतं गवत हलतंय, तुला काय वाटतं ते महत्त्वाचं. तसंच पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा एखादा फुकट कोर्स घे आणि त्यातले नेहमीचे उदाहरणाचे प्रोग्रॅम करण्याऐवजी तुमच्या रोपांचंच शीट घे, तारखा दुरुस्त करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून बघ, उंचीचा आलेख काढ. प्रोग्रॅम चालला नाही की तू चिडून लॅपटॉप बंद करतेस की जेवायला हाका मारल्या तरी उठत नाहीस, तेवढं बघ. कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की नाही ह्याचं उत्तर त्यात निम्मं तरी मिळेल, आणि मला वाटतं तुझ्या बाबतीत ते बाबांना आवडेल असं निघायची शक्यता बरीच आहे.

बाबांवरून आठवलं, त्यांच्याशी भांडू नकोस, ते काही तुझ्या चित्रांचे वैरी नाहीत. नुसती बायोलॉजीची पदवी घेऊन लगेच चांगला पगार मिळणं बऱ्याच ठिकाणी अवघड असतं, पुढे मास्टर्स किंवा त्याच्याही पुढे जावं लागतं, हे त्यांना माहीत असणार आणि त्याचीच भीती असणार. पैशाचा विचार करणं म्हणजे स्वप्नं विकणं वगैरे काही नसतं. "मला हे आवडतं" एवढंच घेऊन त्यांच्यासमोर गेलीस तर बोलणं पाच मिनिटांत संपेल. एका कागदावर मांड की हा कोर्स इतक्या वर्षांचा, फी इतकी, कर्ज लागलं तर इतकं, मास्टर्स न करता कुठली कामं मिळतात, मास्टर्स केल्यावर कुठली, आणि दोन वर्षांनी नाहीच जमलं तर मी कुठे वळणार. मग त्यांना विचार, तुम्हाला ह्यातल्या कुठल्या ओळीची काळजी वाटते. बहुतेक वेळा काळजी एकाच ओळीची असते आणि घरात भांडण मात्र सगळ्या आयुष्यावर चाललेलं असतं.

माझं मत विचारशील तर, तुझ्या पत्रावरून मला बायोलॉजी अधिक संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटिंग अशी जोडी दिसते, जिथे मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय, असं करता येतं तिथे तसं, नाही तिथे बायोइन्फर्मॅटिक्स, बायोस्टॅटिस्टिक्स, पब्लिक हेल्थ असले कोर्स थेट आहेत का ते बघ. रोगाची साथ कुठून कुठे पसरली, नवीन औषधाच्या चाचणीत खरंच फरक पडला का, हे ठरवणाऱ्या टेबलांमागे तारखा जुळवणारं कोणीतरी बसलेलंच असतं. चित्रकला सोडू नकोस, आकडे लोकांना समजतील असे काढून दाखवणं हेही एक काम आहे आणि ते जमणारी माणसं थोडी असतात.

आता पहिल्या नंबरला बायोलॉजी टाकायची की कॉम्प्युटर सायन्स, तर दोन्हीकडून त्याच ठिकाणी जाता येतं, मास्टर्सला दोन्हीकडची मुलं येतात. बायोलॉजीवालीला कोडिंग नंतर शिकावं लागतं आणि कॉम्प्युटरवालीला बायोलॉजी. कोडिंग घरी बसून बऱ्यापैकी शिकता येतं, लॅब घरी आणता येत नाही, म्हणून माझा कल बायोलॉजीकडे. पण तुझ्या कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्समध्ये नंतर शिरताच येत नसेल आणि बायोलॉजीत सहज येत असेल, तर उलटं कर, आधी तिथे जागा घे आणि बायोलॉजीचे पेपर इलेक्टिव्ह म्हणून उचल. हे त्या लेखी उत्तरावरून ठरेल, त्यामुळे कॉलेजांना मेल ह्याच आठवड्यात टाक, उत्तर यायला वेळ लावतात.